ओरसंगचं पाणी तपासायला निघण्यापूर्वी

पाण्याच्या कामात यायचंय म्हणून बडोद्यातली मराठी मुलं भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी असते. साहजिकच आहे. पुलावरून जाताना वास येतो, मगरी दिसतात, पेपरात बातम्या येतात. पण विश्वामित्रीचं मुख्य दुखणं शहराचं सांडपाणी. बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) आणि कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) मोजले की बरंचसं निदान होतं. खरं शिकायचं असेल तर मी ओरसंग नदीकडे बोट दाखवतो.

छोटाउदेपूर, बोडेली, संखेडा करत ओरसंग चांदोदला नर्मदेला मिळते. तिच्या खोऱ्यात शेती, वस्त्या, डोलोमाइटच्या खाणी, तो दळणारे कारखाने, आंबाडुंगरचा फ्लोरस्पार (फ्लोराइडचं खनिज), आणि पात्रातला रेतीचा उपसा. यातल्या प्रत्येकाची पाण्यावरची खूण वेगळी. म्हणून बाटली भरण्याआधी आपण काय शोधतोय ते ठरवा. डोलोमाइट हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा दगड, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट वाढतात, म्हणजे कठीणपणा वाढतो. कोळशाच्या खाणीसारखं आम्लयुक्त पाणी इथे शोधत बसू नका. शेताकडून नायट्रेट येतं, वस्तीकडून जंतू.

फ्लोराइडचं मात्र जपून. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर 1.5, असं भारतीय मानक सांगतं. एखाद्या हातपंपाचा आकडा याच्या वर गेला की नवखा माणूस लगेच जवळच्या खाणीवर खापर फोडतो. पण फ्लोराइड खडकातच असतं, आणि ज्या भूजलात कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट जास्त तिथे ते आपसूक जास्त उतरतं. खाणीच्या वरच्या अंगाच्या विहिरीही तपासा. तिथेही तेवढंच निघालं तर तुमचा खाणीवरचा आरोप टिकणार नाही. खालच्या अंगालाच वाढलेलं दिसलं तर पुढे बोलता येईल. वरच्या अंगाचा नमुना नसलेला अहवाल मी तरी वाचत नाही.

रेतीचं कोडं आणखी निराळं. उपशाने पाण्यात नवीन काही फारसं मिसळत नाही (डंपरचं ऑइल सोडा), गढूळपणा वाढतो तेवढाच दिसतो. पण रेती हीच गाळणी आहे. बडोद्याला मही नदीचं बरंचसं पाणी मिळतं ते पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे रेतीतून झिरपलेलं. रेतीचा थर पातळ झाला की गाळणी पातळ होते, पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींची पातळीही खाली जाते. हे प्रयोगशाळेच्या आकड्यांत पटकन दिसत नाही. त्यासाठी विहिरींची पातळी दर ऋतूत मोजावी लागते, आणि कुठे किती खणलंय ते पायी फिरून पाहावं लागतं.

नमुन्याची शिस्त थोडक्यात: तापमान, पीएच, विद्युतवाहकता नदीवरच मोजा, विरघळलेला ऑक्सिजन तिथेच रसायनं घालून बांधून टाका, धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणा, फ्लोराइडला काचेची बाटली नको, प्लॅस्टिकची घ्या. बीओडी आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवस ठेवतात, परदेशी पुस्तकातले 20 अंश आणि 5 दिवस इथल्या आकड्यांशी ताडू नका.

कायद्याचीही तोंडओळख हवी. 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 5 हेक्टरपेक्षा लहान रेतीच्या लीजलाही पर्यावरण मंजुरी लागते. त्यामुळे जिल्हा सर्वेक्षण अहवाल (जिल्ह्यात रेती कुठे, किती आणि किती काढता येईल याची नोंद) वाचता येणाऱ्या मुलांना सल्लागार कंपन्यांत काम मिळतं. गुजराती बोलता येतं म्हणून निवांत राहू नका, झरझर वाचताही यायला हवं. राठवा आदिवासींच्या वस्त्यांत गेलात तर गुजरातीही पुरत नाही, गावातलाच कोणी सोबत घ्या.

पहिली नोकरी बहुधा खासगी प्रयोगशाळेत, पगार बेताचा. आत बसणार की सॅम्पलिंगला जाणार, असं विचारलं तर सॅम्पलिंग मागून घ्या. आतली यंत्रं पुढे कुठेही शिकता येतात.