सेफेर तोरा लिहायला बसताय? या चुका टाळा

सेफेर तोरा म्हणजे आमच्या पवित्र तोरेची चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतली मुलं ती लिहायला शिकायला येतात तेव्हा पहिला प्रश्न शाईचा असतो, दुसरा बोरूचा. पुस्तकात बघून कसं लिहायचं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. ते सगळ्यांना सोपं वाटतं, आणि पानं वाया जातात ती तिथेच.

पाठांतरावर लिहू नका. तोरेत ३,०४,८०५ अक्षरं आहेत आणि त्यातलं एकही आठवणीतून लिहायचं नसतं. समोर तिक्कून, म्हणजे नक्कल करायची प्रत, उघडी हवी. शब्द डोळ्यांनी वाचायचा, तोंडाने म्हणायचा, मग लिहायचा. हा नियम मला पहिल्या दिवशीच सांगितला होता. तरी तिसऱ्या वर्षी मी तो मोडला.

तोरेतल्या गणना या पुस्तकाचा १४ वा अध्याय चालू होता. १८ व्या वचनात परमेश्वराचं चार अक्षरी नाव एकदाच येतं आणि लगेच ‘मंदक्रोध’ हे वर्णन सुरू होतं. पण निर्गम या पुस्तकात, ३४:६ मध्ये, असंच वर्णन आहे, तिथे नाव लागोपाठ दोनदा येतं. सेलिहोतमध्ये, म्हणजे क्षमा मागायच्या प्रार्थनांत, आपण म्हणतो ते निर्गमातलं. एलूल या ज्यू महिन्यातल्या पहाटे लहानपणापासून म्हणत आलेली ती प्रार्थना जिभेवर आली आणि हात तिच्यामागे गेला. शाई वाळता वाळता तिक्कूनकडे पाहिलं, तर पानावर नाव दोनदा होतं.

साध्या शब्दातलं अक्षर सुरीने खरवडता येतं. ते नाव खोडता येत नाही. तीन स्तंभ, प्रत्येकी ४२ ओळी, पंधरा दिवसांचं काम. ते पान गेनिझात गेलं, म्हणजे जुन्या पवित्र लिखाणाबरोबर पुरण्यासाठी ठेवलं गेलं. चर्मपत्राच्या पैशांपेक्षा मला लागलं ते हे की तेव्हा मी वाचतच नव्हतो.

तेव्हापासून तिक्कूनवर चालू ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो. उठून परत बसलो की मागचे तीन शब्द मोठ्याने वाचल्याशिवाय बोरू उचलत नाही. नाव आलं की थांबतो आणि हे त्याच्या पावित्र्यासाठी लिहितोय असं मोठ्याने म्हणतो. प्रत्येक वेळी. आणि बोरू शाईत बुडवून थेट नावाला लावू नका. आधीच्या अक्षरासाठी बुडवा. थेंब पडलाच तर तिथे पडेल, आणि तिथला खरवडता येतो.

मराठी हाताची एक खोड वेगळी सांगायला हवी. हिब्रू अक्षरंसुद्धा आपल्यासारखीच ओळीला खालून टांगलेली असतात, त्यामुळे आपल्या मुलांना सुरुवात सोपी जाते. पण आपल्याकडे शिरोरेषा सगळा शब्द बांधून ठेवते आणि इथे प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंनी कोरं चामडं दिसलंच पाहिजे. केसाएवढा स्पर्शसुद्धा दोष. नवशिक्याचा हात घाईत असला की वरच्या आडव्या रेघा एकमेकींना जाऊन भिडतात. स्तंभ संपला की तो खिडकीशी धरून बघा, दिव्याखाली नको.

ओळी पेन्सिलने आखू नका. बोथट टोकाने, शाईविना, लिहिण्याआधी आखा.

शाई घट्ट झाली तर पाणी मारून ओढू नका, नवी करा. मायफळ, हिराकस आणि डिंक यांची शाई जाड थरात लागली की गुंडाळताना तडकते आणि अक्षर सोलून येतं. बाजारातल्या तयार बाटलीवर माझा विश्वास नाही.

शीन, आयिन, तेत, नून, झायिन, गिमेल आणि त्सादी या सात अक्षरांवरचे तीन-तीन मुकुट, म्हणजे डोक्यावरच्या बारीक रेघा, ‘शेवटी एकदम काढू’ म्हणून ठेवू नका. राहतातच.

आता सुरी. सगळ्यात जास्त राग मला हिच्या गैरवापराचा येतो. अक्षर शाईने घडलं पाहिजे, खरवडून नाही. दालेतचा मागचा कोपरा टोकदार असतो, रेशचा गोल. दालेतला कोपरा राहिला म्हणून तो भरला तर चालतं, कारण तिथे तुम्ही लिहिता. रेशला कोपरा आला म्हणून तो तासून गोल केला तर ते अक्षर बाद, कितीही सुंदर दिसो.

माझ्या एका विद्यार्थ्याने हे केलं ते निर्गम ३४:१४ मध्ये. ‘दुसऱ्या देवाला नमन करू नकोस’ या वाक्यातल्या ‘अहेर’ शब्दाचा रेश मुद्दाम मोठा लिहितात, कारण तिथे दालेत वाचला गेला तर शब्द ‘एहाद’ होतो, म्हणजे ‘एक’, आणि वाक्याचा अर्थ उलटतो. त्याच रेशला त्याच्या हातून टाच, म्हणजे दालेतसारखा टोकदार कोपरा, आली. त्याने ती सुरीच्या टोकाने इतकी सफाईने काढली की मला भिंगातून दिसली नाही. संगणकावर पान तपासलं तरी कळलं नसतं. संगणक गळलेलं अक्षर दाखवतो, चुकलेला आकार दाखवतो. आकार कसा झाला ते त्याला कुठून कळणार?

पुढचे चार स्तंभ लिहून झाल्यावर तो स्वतःच सांगायला आला. आवाज कापत होता. मी रागावलो नाही. झटपट उपाय शोधणारी पुष्कळ मुलं पाहिली आहेत, सांगायला येणारी थोडी.

सुदैवाने मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायचं लिखाण) किंवा तेफिलीन (प्रार्थनेवेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या पेट्यांतलं लिखाण) यांच्यासारखा इथे अक्षरं क्रमानेच लिहायचा नियम नाही, मागे जाऊन दुरुस्त करता येतं. आकार उरणार नाही इतका तो रेश खरवडला, जागा नखाच्या पाठीने घासून गुळगुळीत केली, तिक्कून उघडून शब्द मोठ्याने म्हटला आणि त्याने नव्याने लिहिला. मग शेजारची अक्षरं झाकून तो एका लहान मुलाला दाखवला. आकाराबद्दल शंका असली की असंच विचारायचं असतं. मुलाने वाचलं, ‘रेश’.

त्या ओळीत अजूनही तेवढं एक अक्षर इतरांपेक्षा किंचित काळं दिसतं.