दाढ दुखायची थांबली म्हणून दवाखाना टाळू नका

निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, खानापूर, कुठल्याही गावच्या दाताच्या दवाखान्यात घटकाभर बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मागं लई दुखत होती, मग आपोआप थांबली, म्हणून आलो नाही." आपल्याकडे कित्येक दात या 'आपोआप'मध्येच जातात.

दाढेत आत काय घडतं ते आधी समजून घ्या. कीड वरच्या कठीण थरात असते तेव्हा काहीच दुखत नाही. ती आतल्या थरात उतरली की गार पाणी किंवा गोड झोंबायला लागतं. नसेपर्यंत पोचली की रात्री झोप लागत नाही, आडवं झालं की ठणका वाढतो. आणि मग एक दिवस नस मरते. नस मेली की ठणका बंद. घरात वाटतं, लवंगेनं गुण आला. प्रत्यक्षात जंतू तिथंच असतात, मुळाच्या टोकाशी पू धरतो आणि पुढं कधीतरी ऐन सणात गाल सुजतो. झोंबायला लागलं तेव्हाच गेला असता तर बहुतेक वेळा एका बैठकीत सिमेंट भरून काम झालं असतं. आता रूट कॅनाल तरी करा, नाहीतर दाढ तरी काढा.

ठणका सुरू असताना घरात जे उपाय होतात, त्यातले काही उलटे पडतात. डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवली की हिरडी आणि गाल आतून भाजतात, पांढरी साल निघते. लवंगेच्या तेलाचा बोळा तासन् तास ठेवला तरी हिरडी पोळते. सुजलेल्या गालाला गरम पिशवीनं शेकणं टाळाच, बाहेरून गार पट्टी ठेवा. मेडिकलमधून दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून खाणं तर सगळ्यात वाईट. सूज तात्पुरती उतरते आणि दवाखाना पुन्हा पुढं ढकलला जातो. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा, तुम्हाला चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या आणि सकाळी डॉक्टर गाठा. सूज जबड्याखाली उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तोंड उघडेना, तर सकाळचीही वाट पाहू नका. रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या. त्यात जीव जाऊ शकतो.

मशेरीनं दात घट्ट होतात, हा समज

निपाणी भाग तंबाखूचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि चहा झाला की उंबऱ्यात बसून बोटानं हिरड्यांवर फिरवत राहायचं. अनेक घरांत आई, आजी, सासू यांचा हा रोजचा नेम आहे, जेवणानंतर पुन्हा एकदा. विचारलं तर उत्तर एकच, "हिरड्यांतनं रक्त येत नाही बघ माझ्या."

रक्त येत नाही हे खरं असतं आणि घात तिथंच आहे. तंबाखूतल्या निकोटिननं हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. हिरडीचा आजार असूनही रक्त दिसत नाही, हिरडी फिकट आणि घट्ट वाटते आणि आत दाताला धरणारं हाड झिजत जातं. कळतं तेव्हा दात हलायला लागलेले असतात. शिवाय तोंडाचा कॅन्सर आहेच. घरातल्या बायकांना यावरून टोमणे मारू नका. व्यसन आहे, टोमण्यानं सुटत नाही. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे, तो लावून द्या. मशेरी, गुटखा, मावा खाणाऱ्या माणसाचं तोंड महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट अजिबात सहन न होणं, किंवा उभी धरलेली तीन बोटं तोंडात न मावणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला ते दुखत नाहीच.

रूट कॅनाल अर्धवट सोडणं

पहिल्या बैठकीत डॉक्टर आतली सडलेली नस काढतात, ठणका थांबतो आणि वर तात्पुरतं सिमेंट बसतं. इथून पुढं सुगी, लग्नसराई, यात्रा, आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. ते सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत शिरते आणि झालेलं काम वाया जातं. काहीजण रूट कॅनाल पुरं करतात आणि दाढेवर बसवायच्या टोपीचे (कॅपचे) पैसे वाचवतात. नस काढलेली, कोरलेली दाढ ठिसूळ असते. भाकरीतला एखादा खडा लागला तरी उभी चिरते आणि चिरलेली दाढ बहुधा काढावीच लागते. दागिन्याइतकी महाग टोपी लागतेच असं नाही, साध्या धातूचीही चालते. खर्च आधीच टोपीसकट विचारून घ्या.

लेकरांच्या बाबतीत

"दुधाचेच दात आहेत, पडणारच की" हे म्हणणं सोडा. दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या लवकर काढल्या की शेजारचे दात सरकून जागा बळकावतात आणि पुढं तारा लावायचा खर्च येतो.

त्याहून मोठी चूक सहाव्या वर्षी होते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं, एकही दात न पडता, नवी दाढ गुपचूप येते. पहिली-दुसरीतल्या मुलाचं तोंड मोबाईलच्या टॉर्चनं उघडून बघा: दोन्ही बाजूंना, वर-खाली, सगळ्यात मागची खोल खाचांची दाढ. ती कायमची आहे, पुन्हा येणार नाही. आईबाप तिला दुधाची समजतात आणि ती आठव्या-नवव्या वर्षीच किडून बसते. खाचा भरून घेण्याचा सोपा, न दुखणारा उपाय असतो, तो विचारा. करदंट, चिक्की, चॉकलेट अशा खाचांत तासन् तास अडकून राहतं. द्यायचंच असेल तर जेवणासोबत द्या, दिवसभर चघळायला नको. रात्रीचा ब्रश मोठ्यांनी हातात घ्या. तीन वर्षांखाली तांदळाएवढी फ्लोराइडची पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. थुंकायला लावा, भरपूर पाण्यानं चूळ भरायला लावू नका.

खेळताना कायमचा दात मुळासकट निसटला तर मूळ घासू नका. वरचा भाग धरून पाण्याखाली क्षणभर धुवा, जमलं तर जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवून तासाभरात डॉक्टरकडे पोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

दात काढल्यावर

कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. त्या दिवशी जोरात थुंकू नका, चूळ भरू नका, तंबाखू-बिडी तर मुळीच नको. खळगीतली रक्ताची गाठ सुटली की तिसऱ्या दिवशी आधीच्या दुखण्यापेक्षा वाईट ठणका लागतो. साखर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून गोळी बंद करू नका. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती निराधार आहे. कीटण काढल्यानं दात सैल होतात हेही तसंच. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणानं ते झाकलेलं असतं.

खर्चाचा प्रश्न असेल तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, पण पैसे खाजगी दवाखान्यापेक्षा कमी लागतात. बीपीएल कार्ड असलेल्या वृद्धांना कवळीसाठी कर्नाटक सरकारची दंतभाग्य योजना आहे, तिची चौकशी करा. सूचनांचा कागद कन्नडात मिळाला आणि घरच्या म्हाताऱ्यांना तो वाचता येत नसेल, तर उठण्याआधी तिथल्या नर्सकडून मराठीत समजून घ्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आणा: कुठली गोळी किती वेळा, काय खायचं नाही, परत कधी यायचं.