मुंबई बंदर एकट्याने फिरताय? या चुका टाळा

मी माझगावात राहते, भाऊच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. सुट्ट्या लागल्या की नात्यातल्या, ओळखीतल्या कुणा ना कुणा पोराचा फोन येतोच. "मावशी, एकटीच येतेय, दोन दिवस आहेत, काय काय बघू?" बघण्यासारखं काय आहे हे आता सगळ्यांनाच मोबाइलवर दिसतं. सांगावं लागतं ते काय करू नये हे, आणि वर्षानुवर्षं तेच तेच सांगतेय. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

पहिलं म्हणजे बंदर कुठे आहे तेच लोकांना माहीत नसतं. मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, जुहू हा सगळा शहराचा पश्चिम किनारा, मोकळा अरबी समुद्र. बंदर आहे पूर्वेला. कुलाब्याच्या ससून डॉकपासून सुरू करा. मग गेटवे, नौदलाची गोदी, बॅलार्ड इस्टेट, भाऊचा धक्का आणि वर शिवडीची खाजणं. समोर घारापुरी, उरण आणि रायगड जिल्ह्याचे डोंगर. मुंबई उभी राहिली ती या बाजूच्या शांत, खोल पाण्यामुळे. तरीही दररोज शेकडो लोक सूर्यास्त बघायला गेटवेवर येतात आणि सूर्य ताजच्या मागे, शहरात मावळतो. गेटवेवर यायचं ते पहाटे. सूर्य पाण्यातून, लाँचांच्या मागून वर येतो, फरशा धुतलेल्या असतात आणि फोटोवाल्यांनी अजून तुम्हाला घेरलेलं नसतं. एकटं असण्याचा हा पहिला फायदा: पहाटे उठायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

भरती-ओहोटी न बघता निघणं

ही सगळ्यात मोठी चूक. लोक लाँचचं वेळापत्रक बघतात, लोकलचं बघतात, हॉटेलची चेक-आउटची वेळ बघतात. पाण्याचं वेळापत्रक कुणी बघत नाही, आणि बंदरात तर सगळं त्याच्यावर चालतं.

माझा भाचा नाशिकहून आला होता. हुशार मुलगा, सगळं मोबाइलवर ठरवून आलेला. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला गेला. मोरा म्हणजे उरणचं बंदर. दिवसभर उरण फिरला, पीरवाडीच्या किनाऱ्यावर बसला आणि संध्याकाळी साडेपाचला जेट्टीवर परत आला. लाँच बंद. खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की पाणी भरलं की सुटेल. भाच्याने त्याला मोबाइलमधला वेळापत्रकाचा फोटो दाखवला, आवाज चढवला आणि मग मला फोन केला. "मावशी, हे लोक मुद्दाम करतायत!" मी विचारलं, "आज तिथी काय?" तो गप्प. अमावास्या होती. मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला जेट्टीपाशी लाँच लागेल इतकं पाणीच राहत नाही. खलाशी काय, सरकार काय, कुणीही त्यात त्या क्षणी काही करू शकत नाही. त्याला म्हटलं, भांडण सोड, रिक्षा कर, उरण स्टेशन गाठ आणि लोकल पकड. उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू झालीय म्हणून निभावलं. तरी दादरहून सुटणारी रात्रीची बस हुकायची ती हुकलीच.

आता आमच्याकडे कोळी आणि खलाशी जो हिशेब करतात तो शिकून घ्या, पाठ व्हायला एक मिनिट लागतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. दशमीला साडेसात. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती आणि तिच्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावास्येला संध्याकाळी पाच-सहाला पाणी पार आत गेलेलं असणार, हे भाच्याला घरातल्या कॅलेंडरवरून कळलं असतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पक्क्या वेळेसाठी भरतीचा तक्ता बघायचाच. पण आधी डोक्यात हिशेब हवा, म्हणजे तक्त्यात काय बघतोय ते कळतं. मी निघायच्या आदल्या रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघते, भरतीची वेळ मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिते आणि मगच पिशवी भरते. मोबाइलची बॅटरी संपते, हे आकडे संपत नाहीत.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा चढ-उतार दोन्ही कमी. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत बघायचा असेल तर हे कळलंच पाहिजे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं ओहोटीला वाळूवरून चालत गाठता येतं. पण भांगाच्या दिवशी ओहोटी असूनही वाटेत पाणी उरतं. आणि उधाणाच्या दिवशी वाट चांगली मोकळी होते खरी, पण पाणी परत येतं तेही जोरात. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, चारी बाजूंना खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे, तटावरून फिरताना वेळेचं भान राहत नाही. चौघं असली की एक तरी "चला रे" म्हणतो. एकट्या माणसाला ते कुणी म्हणत नाही. घड्याळात गजर लावा आणि गजर झाला की फोटो अर्धवट सोडून निघा. "गुडघाभरच आहे, जाऊ" म्हणणाऱ्या पोरांचा मला खरोखर राग येतो. त्यांना आणायला शेवटी तिथल्या कोळ्यांनाच पाण्यात उतरावं लागतं.

शिवडीचे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तेही पाण्याच्याच तालावर. हिवाळ्यापासून मेपर्यंत ते येतात. भर ओहोटीला गेलात तर पक्षी लांब चिखलात ठिपक्यांएवढे, भर भरतीला गेलात तर चिखलच पाण्याखाली. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर जा, तेव्हा पाण्याची कड आणि पक्षी दोन्ही जवळ असतात. अटल सेतू तिथूनच सुरू होतो. पुलाचे फोटो काढून "पक्षी नव्हतेच" म्हणत परतणारे रोज भेटतात. थोडं थांबायचं असतं हो.

ससून डॉकला पाहुण्यासारखं न जाता बाजारात घुसल्यासारखं जाणं

ससून डॉक १८७५ चा आहे, अल्बर्ट ससूनने बांधलेला. पहाटे पाचला तिथे जे चाललेलं असतं ते मुंबईत दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. बोटींतून पाट्या उतरतात, लिलाव पुकारले जातात, बोंबील, मांदेली, सुरमई, घोळ यांचे ढीग लागतात आणि एका बाजूला बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात. ज्यांची बोटं इतकी चालतात त्यांचं पोट त्यावर असतं, हे मनात धरून आत जायचं.

एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक तरुण मुलगा, पाठीला मोठी सॅक, हातात भारी कॅमेरा, नेमका बोटीतून पाट्या वर येतात त्या उतारावर गुडघा टेकून बसला. मागून हातगाडी येत होती. गाडीवाला दोनदा ओरडला, याने हात वर करून "एक मिनिट" अशी खूण केली. ओल्या फरशीवर भरलेली हातगाडी एक मिनिट थांबत नसते. ती त्याच्या सॅकला लागली, तो कलंडला, एका बाईची पाटी सांडली, बर्फ आणि मासळी चिखलात. पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण ती बाई खाली बसून एकेक मासा उचलत होती आणि हा कॅमेऱ्याची काच पुसत होता. मी त्याला म्हटलं, आधी मासे उचलायला लाग. लागला, हे त्याचं चांगलं. नंतर चहा पिताना म्हणाला, इथली माणसं फार रागीट आहेत. मी त्याला समजावलं की ती रागीट नाहीत, ती कामावर आहेत. त्याच्या ऑफिसात टेबलावर चढून कुणी फोटो काढायला लागलं तर तोही ओरडेल.

माझी पद्धत सांगते. धुता येतील अशा, न घसरणाऱ्या चपला. पाठीवर काही नाही, एक छोटी पिशवी पुढे. सामान असेल तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावून ठेवायचं. आत गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं भिंतीला लागून नुसतं उभं राहायचं, गाड्या कुठून येतात, पाट्या कुठून जातात ते बघायचं. मग एखाद्या मावशींना विचारायचं, "मावशी, इथे उभी राहिले तर अडचण नाही ना?" एवढं विचारलं की पुढे त्या स्वतःच बोलतात, कुठला मासा कसा ओळखायचा तेही सांगतात. कॅमेरा बाहेर काढायचा नाही. तिथे फोटोला मनाई असते, बाजूलाच नौदलाचा भाग आहे. ज्यांना फोटो हवाच असतो त्यांनी रीतसर परवानगी घ्यावी. बाकीच्यांनी डोळे वापरावेत.

आणि जून-जुलैत जाऊ नका. १ जूनपासून यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. खरी लगबग नारळी पौर्णिमेच्या पुढे.

पावसाळ्यात लाँचचा हट्ट

गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, आणि दरवर्षी कुणीतरी "एखादी तरी सुटत असेल ना" विचारत धक्क्यावर उभं असतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसात बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत आजही त्या बोटीचं नाव काढलं की बोलणं थांबतं. या पाण्याशी घाई करायची नाही. पावसाळ्यात मांडव्याला जायचंच असेल तर मोठी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, आहे, तीही हवामान बघूनच सुटते. ती गेटवेहून नाही, भाऊच्या धक्क्याकडच्या वेगळ्या टर्मिनलवरून सुटते. रो-रोचं तिकीट हातात घेऊन गेटवेवर धापा टाकत आलेली माणसं मी पाहिलीत.

लाइफ जॅकेट दिलं की घाला. उकडतं, वास येतो, फोटोत वाईट दिसतं, सगळं मान्य. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, ती दुपार आठवा आणि पट्टे नीट आवळा.

बाकीच्या, थोडक्यात

घारापुरीची लेणी सोमवारी बंद. हे इतक्यांदा सांगितलंय की आता फोनवर "मावशी" ऐकलं की मी आधी वार विचारते.

घारापुरीला पहिल्या लाँचने, नऊच्या सुमारास निघा. अकरानंतर सदाशिवाच्या त्या वीस फुटी मूर्तीसमोर उभं राहायला जागा मिळत नाही, आणि ती मूर्ती गर्दीत बघायची नाहीच मुळी. समोर निवांत बसायचं, डोळे अंधाराला सरावले की तिन्ही मुखांवरचे भाव वेगळे होत जातात.

उतरताना खलाशाला परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ विचारा आणि परतीचं तिकीट जपून ठेवा. हातात खाण्याची पिशवी धरून पायऱ्या चढू नका, माकडं ती तुमच्या आधी वर नेतात.

नौदलाच्या जहाजांचे फोटो नकोत. ड्रोन तर अजिबात नको.

गोदीच्या फाटकांतून "जरा आत डोकावू" असं करू नका. सुरक्षारक्षक अडवतील आणि त्यांचं बरोबर असेल. गोदीचा इतिहास बाहेरूनही कळतो. बॅलार्ड इस्टेटला रविवारी सकाळी जा, रस्ते रिकामे असतात. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर ही वस्ती उभी आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ. हे ठाऊक असेल तर त्या दगडी भिंतींशेजारून चालणं वेगळंच होतं.

एकट्या मुलींसाठी: लाँचवर कामावरून परतणाऱ्या बायका कुठे बसल्यात ते बघा आणि तिथे जागा धरा. पाचव्या मिनिटाला त्या तुमची चौकशी करतील, दहाव्या मिनिटाला उरणमध्ये कुठे जेवावं ते सांगतील, आणि ते बरोबर असेल.

आणि कुणी एकच दिवस मोकळा आहे म्हटलं तर मी ही फेरी सांगते. हार्बर लाइनच्या लोकलने डॉकयार्ड रोड, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत भाऊचा धक्का, भरतीच्या सुमाराची मोऱ्याची लाँच. उरणात जेवण, पीरवाडीला थोडा वेळ, आणि परत येताना उरणहून लोकल. उलटी फेरी मात्र करू नका. सकाळी लोकलने जाऊन संध्याकाळी मोऱ्याहून लाँच पकडू म्हणणारे पुन्हा त्या खिडकीपाशीच अडकतात. एकादशी-द्वादशी असेल तर भरती सकाळी आठ-नऊच्या आसपास येते, लाँचही मिळते आणि ऊनही चढलेलं नसतं. मी सुचवीन तर तेच दिवस सुचवीन.