निळ्या गाठींचा आजार: शौचावर नजर, आणि ऑपरेशनची वेळ

ब्लू रबर ब्लेब नीव्हस सिंड्रोममध्ये त्वचेवर फुगलेल्या शिरांच्या निळसर, मऊ गाठी येतात. दाबल्या की बसतात, सोडल्या की हळूहळू भरतात. त्या सहसा निरुपद्रवी. खरा घोर आतड्यातल्या, विशेषतः लहान आतड्यातल्या गाठींचा. त्यांतून गुपचूप रक्त झिरपतं आणि हिमोग्लोबिन उतरत जातं.

म्हणून शौच रोज पाहा. लोहाच्या गोळीनेही ते काळं होतं, गफलत होते ती इथेच. गोळीचं काळं हिरवट आणि बांधलेलं असतं. रक्ताचं डांबरासारखं चिकट, चकाकतं आणि उग्र वासाचं. अगदी थोडं झिरपत असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचे (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे) आकडे तारखेसह वहीत लिहा. लोह उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा-दूध निदान दोन तास लांब. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन परस्पर घेऊ नका.

सिरोलिमस (गाठी आणि रक्तस्राव कमी करण्यासाठी दिलं जाणारं औषध) चालू असेल तर त्याची पातळी डोस घेण्याआधीच्या रक्तात मोजतात. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर तो आकडा वाया. पपनस, ग्रेपफ्रूट बंद. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) यांनीही पातळी चढते.

आता तातडीचं. आतड्याची हालचाल गाठीला पुढे ढकलते, गाठीमागून आतडं ओढलं जातं आणि आतड्यातच शिरतं. कधी पीळही पडतो. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. हिरवी उलटी, रक्त-शेंबेचं शौच, फुगलेलं पोट. अशा वेळी घोटभर पाणीही नको, एनिमा नको. थेट सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. उशीर झाला तर रक्तपुरवठा तुटून तेवढं आतडं काळं पडतं. बाळांमध्ये हवेच्या दाबाने आतडं मागे सरकवता येतं, पण गाठ जागेवर राहिली तर ते पुन्हा शिरू शकतं. म्हणून इथे बहुधा ऑपरेशनच.

रक्तस्राव थांबत नाही म्हणून ठरवून करायचं ऑपरेशन वेगळं. सर्जनना स्पष्ट विचारा: ऑपरेशन चालू असताना दुर्बिणीने सगळं आतडं तपासणार का? गाठी एकेक कोरून काढता येतील का? सरसकट लांब तुकडा कापला तर उरलेलं आतडं अन्न शोषायला अपुरं पडू शकतं. या गाठींमध्ये रक्त साकळून गोठण्याचे घटक खर्ची पडतात, तेव्हा डी-डायमर आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठण्याच्या चाचण्या) आधी तपासून घ्या, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायला सांगा. सिरोलिमसमुळे जखम भरायला वेळ लागतो. ते कधी थांबवायचं आणि पुन्हा कधी सुरू करायचं, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या.