उतारा वाचता वाचता वेळ संपतो? या चुका टाळा

नवोदयच्या सहावी प्रवेश परीक्षेत भाषेच्या भागाला 4 उतारे, प्रत्येकाखाली 5 प्रश्न आणि वेळ 30 मिनिटं. म्हणजे एका उताऱ्याला साडेसात मिनिटं. मी खानापूर तालुक्यात पाचवीला शिकवतो. परीक्षा जवळ आली की पालक हमखास म्हणतात, "सर, वाचायची काहीतरी ट्रिक सांगा की."

सगळ्या पोरांना एकच ट्रिक देणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती मी स्वतः केली आहे. एका वर्षी अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं, आधी प्रश्न वाचा, मग उतारा. भरभर वाचणाऱ्यांना ते जमलं. पण हळू आणि नीट वाचणाऱ्या एका मुलाचे सरावात 2 उतारे कोरेच राहू लागले. शेवटी शेजारी बसून पाहिलं. पहिला प्रश्न वाचायचा, बोट ठेवून उताऱ्यात उत्तर शोधायचा, दुसऱ्या प्रश्नाला आला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. एकच उतारा तो पाच वेळा वाचत होता! म्हटलं, "बाळा, प्रश्न हातानं झाक." तळहात ठेवून त्यानं उतारा एकदा सलग वाचला आणि 7 मिनिटांच्या आत 5 पैकी 4 उत्तरं बरोबर काढली.

तेव्हापासून मी सलग तीन शनिवार, सकाळच्या शाळेत, सारख्या लांबीचे उतारे देतो. एकदा उतारा आधी, एकदा प्रश्न आधी, एकदा पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचून मग प्रश्न. वेळ आणि बरोबर उत्तरं मूल स्वतः वहीत लिहितं, आणि ते आकडे बघून आपली पद्धत स्वतःच ठरवतं. तीन शनिवार थांबायची तयारी नसलेल्या पालकांना मी स्पष्ट सांगतो, घाईनं पोराचंच नुकसान होतं.

दुसरी चूक शब्द जुळवण्याची. उताऱ्यात असतं, "आभाळ भरून आलं तशी आजोबांनी भाताची पोती घरात नेली. पण पाऊस आलाच नाही." प्रश्न येतो, पोती घरात का नेली? "पाऊस आला म्हणून" हा पर्याय दिसला की निम्मी मुलं उत्तरपत्रिकेवरचा त्याचा गोल रंगवून मोकळी होतात, कारण 'पाऊस' हा शब्द उताऱ्यात आहे. बरोबर उत्तर "पाऊस येईल असं वाटलं म्हणून". माझ्या वर्गात नियम एकच: ज्या वाक्यात उत्तर सापडलं त्याच्या पुढचं वाक्य वाचल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

ओठ हलवत वाचणं: मोठ्यानं वाचण्याइतकाच वेळ जातो. पण रागावून सवय सुटत नाही, रोज एक उतारा ओठ मिटून वाचून घ्या.

प्रत्येक ओळीखाली रेघ मारणं: काहीच उठून दिसत नाही.

गोल शेवटी एकदम रंगवणं: एक ओळ सरकली की पुढचं सगळं चुकतं. एक उतारा झाला की त्याचे 5 गोल तिथल्या तिथे रंगवा.

उतारा अवघड वाटला की त्यावरच अडून बसणं: चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. 7 मिनिटं झाली की राहिलेल्या प्रश्नांना अंदाजानं उत्तर द्या आणि पुढचा उतारा घ्या.