पंधरा रिसर्च पेपर वाचून झाले, आता त्यांचं करायचं काय?

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची एमए) आणि पीएचडीवाली पोरंपोरी हे विचारतातच म्हणून एकदाच लिहून टाकतो. होतं काय, की पेपर वाचतात आणि थिसिसच्या दुसऱ्या चॅप्टरमधे अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो अशी डब्याला डबा जोडत आगगाडी करतात, अन् तिला रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा म्हणतात. अरे भो, वांगी रांगेत मांडली म्हणजे भरीत झालं का? भाजायची, सालं काढायची, बडगीत ठेचायची. ते ठेचणं म्हणजे सिंथेसिस, सगळे अभ्यास एकत्र करून त्यातून नवा अर्थ काढणं, आणि ते एखादं छोटं स्वतः करूनच येतं. सहासात अभ्यास घ्या, पहिल्या खेपेला बास.

आधी प्रश्न. "स्थलांतर आणि शिक्षण" हा विषय झाला, प्रश्न नाही. आपल्याकडचंच घ्या ना, नंदुरबार, चाळीसगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्या पोरांची शाळा का सुटते? इथे 'का' विचारलंय का 'किती' हे नीट बघा, कारण पद्धत तिथेच ठरते. साखरशाळेमुळे (ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठीची शाळा) हजेरी किती वाढली असं विचारलं तर आकडे लागणार, मेटा-ॲनालिसिसचा रस्ता, म्हणजे सगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून हिशेब. 'का सुटते' म्हटलं तर मुलाखतींचे अभ्यास, म्हणजे थीमॅटिक सिंथेसिस किंवा मेटा-एथ्नोग्राफी (दोन्ही पुढे सांगतो). एकच योजना एका तालुक्यात चालते अन् शेजारच्यात पडते, असं का, हे हवं असेल तर रिअलिस्ट सिंथेसिस, पण नवख्याने त्यात पडू नये, माझं स्पष्ट मत.

शोधताना एकच शब्द टाकून थांबू नका. ऊसतोड, ऊसतोडणी, कोयता, साखरशाळा आणि साखर शाळा (स्पेस देऊन सुद्धा!), हंगामी स्थलांतर, मग इंग्रजी स्पेलिंगं वेगळी. शोधगंगा या वेबसाइटवर भारतातल्या विद्यापीठांचे थिसिस फुकट मिळतात. अजून एक आपल्याकडची गंमत, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी तो धुळे जिल्ह्यातच होता, त्यामुळे जुन्या अभ्यासात नंदुरबार शोधाल तर हाती फारसं लागणार नाही, धुळे टाका, त्याहून जुनं असेल तर पश्चिम खानदेश टाका. कोणत्या तारखेला कुठे काय टाकलं आणि किती निघाले हे वहीत लिहा, नंतर कोणी विचारलं की तेच कामी येतं. प्रिस्मा नावाची २७ मुद्द्यांची यादी आहे, ती अशा रिव्ह्यूचा रिपोर्ट कसा लिहायचा हे सांगते, पण ती पहिल्या दिवशीच उघडून ठेवा.

सापडलेल्यातले कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते सोडायचे, ही निवड एकट्याने करू नका. तीसेक ॲबस्ट्रॅक्ट (पेपरच्या सुरुवातीचा सारांश) मैत्रिणीला द्या, तेच तुम्ही घ्या, एकमेकांचं न बघता हो-नाही लावा, मग चहा घेत ताडून बघा. भांडण जिथे होईल तिथे तुमचा निवडीचा नियमच ढिला आहे असं समजा.

आता माझी फजिती. पहिल्या रिव्ह्यूत मी मोजलं, इतके अभ्यास हो म्हणतात, इतके नाही म्हणतात, हो जिंकले. दोन चुका केल्या. एक तर चाळीस माणसांचा अभ्यास आणि चार हजारांचा अभ्यास यांना एकेक मत कसं देणार, शिवाय लहान अभ्यासात परिणाम असूनही दिसत नाही कधीकधी. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी, एकच सर्व्हे थिसिसमधे होता, त्यावरच्या पेपरमधे होता आणि संस्थेच्या रिपोर्टमधेही होता, मी तो तीनदा मोजला. म्हणून सॅम्पल, गाव आणि वर्ष जुळतंय का ते आधी बघा.

मग एक्सेल. कुठे, कधी, कोणाला विचारलं, कसं विचारलं, हे कॉलम सगळेच करतात. खरं काम पुढच्या दोन कॉलमात आहे, एकात लोक स्वतः काय बोलले आणि दुसऱ्यात संशोधकाने त्याचा काय अर्थ लावला. हे दोन मिसळले की संपलं. समजा एका अभ्यासात आई म्हणते "मांगे कोन शे?", म्हणजे मागे पोराला बघणारं कोणी नाही, आणि संशोधक लिहितो 'पालकांची उदासीनता'. दुसऱ्या अभ्यासात आजी घरी आहे अन् पोरगं गावातच शाळेत जातंय. आता दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ कोड करा, म्हणजे प्रत्येक ओळीला तिच्या अर्थाची छोटी चिठ्ठी लावा, सारखे कोड एकत्र करा, आणि मग विचारा, उदासीनता का सांभाळणाऱ्या माणसाची टंचाई? हा तिसरा अर्थ कुठल्याच पेपरात लिहिलेला नसतो, तो तुमचा. थॉमस आणि हार्डन यांनी २००८ साली थीमॅटिक सिंथेसिस असंच टप्प्याने मांडलं, आधी कोड, मग वर्णन करणाऱ्या थीम, मग विश्लेषणाच्या. नोब्लिट आणि हेअर यांची १९८८ची मेटा-एथ्नोग्राफी एका अभ्यासातली कल्पना दुसऱ्याच्या भाषेत बसते का ते तपासते. आमच्या खानदेशात तावडी बोली बोलणारा शेजारची अहिराणी ऐकताना जे करतो ना, साधारण तेच.

मुलाखतींच्या अभ्यासांचा दर्जा तपासायला कॅस्प नावाची दहा प्रश्नांची यादी पुरते. कच्चा अभ्यास लगेच फेकू नका, तो बाजूला काढून बघा थीम टिकते का, टिकली तर तसं लिहा, नाही टिकली तरी लिहा.

आणि 'कोणाला विचारलं' हा कॉलम वरून खाली एकदा वाचा. पालक, शिक्षक, मुकादम, पालक, शिक्षक... पोरांना कोणीच विचारलेलं नसेल तर ते पण तुमच्या निष्कर्षातच जाणार, शेवटच्या पानावरच्या 'मर्यादा'मधे नाही.