अमेरिकेतल्या जुन्या निवडणुकांचे निकाल वाचायचे कसे? आधी नियम, मग आकडा

१७८७ ते १८२५ या काळातले अमेरिकेतले निवडणूक निकाल आता घरबसल्या फुकट बघता येतात. ‘अ न्यू नेशन वोट्स’ नावाचा डेटाबेस आहे, त्यात राज्य, साल, पद निवडलं की काउंटीनुसार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आणि कधी कधी तर गावानुसार मतं समोर येतात. पण लगेच बेरीज मारायला बसलात तर हमखास गंडाल.

पहिलं म्हणजे हे आकडे आले कुठून ते लक्षात घ्या. त्या काळी अख्ख्या देशाचे निकाल एका जागी गोळा करणारं ऑफिसच नव्हतं, बरंचसं जे उरलंय ते तेव्हाच्या पेपरांत. फिलिप लॅम्पी नावाच्या माणसाने १९६० च्या दशकापासून जुने पेपर चाळत चाळत हे आकडे हाताने कागदावर उतरवले, कित्येक वर्षं, आणि पुढे वुस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीने आणि टफ्ट्स विद्यापीठाने ते ऑनलाइन आणले. म्हणजे रकाना रिकामा दिसला तर तिथे मतदान झालंच नाही असं धरू नका, तो आकडा फक्त आपल्यापर्यंत पोचलेला नसू शकतो.

आता बेरजेआधी बघायचं की एका मतदाराला मतं किती होती. याच्यावरच सगळ्यात जास्त लोक आपटतात. डेटाबेसच्या काळाच्या आधीचं उदाहरण घेतो, पण हिशोब एकदम स्वच्छ आहे: १७५८, व्हर्जिनिया, फ्रेडरिक काउंटी, हाउस ऑफ बर्जेसेस म्हणजे तिथली विधानसभा. जॉर्ज वॉशिंग्टनला ३०० च्या थोडी वर, थॉमस ब्रायन मार्टिनला २४० च्या आसपास, ह्यू वेस्टला जवळपास २००, आणि स्विअरिंजनला ४५. बेरीज येते ८०० च्या जरा आत, पण मतदार ८०० नव्हते! जागा दोन, प्रत्येकाला दोन मतं, म्हणजे प्रत्यक्षात आलेली माणसं साधारण ४००. आपल्याकडे महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जागेची लढत वेगळी असते, अ ब क ड, तसं इथे नव्हतं, सगळे उमेदवार एकाच यादीत आणि वरचे दोघं निवडून आले, विषय संपला. म्हणून टर्नआउट काढायचा असेल तर आधी जागांनी भागा, आणि तेही अंदाजच, कारण कोणी एकच मत देऊन घरी गेलेला असू शकतो.

हे मतदान तोंडी होतं हेही ध्यानात ठेवा. शेरीफसमोर उभं राहून नाव मोठ्याने सांगायचं, कारकून पोल बुकात म्हणजे मतांच्या वहीत लिहिणार, आणि उमेदवार तिथेच बसलेला, तो आभार मानणार. (वॉशिंग्टन स्वतः फोर्ट कंबरलँडला ड्यूटीवर होता, त्याच्या जागी दुसरा माणूस बसला, मतदारांना पाजलेल्या दारूचा खर्च मात्र साहेबांच्याच खात्यावर.) व्हर्जिनियात ही पद्धत १८६७ पर्यंत चालली. अभ्यास करणाऱ्याची यात चांदीच, कोणी कोणाला मत दिलं ते नावानिशी मिळतं. मॅसॅच्युसेट्समध्ये चिठ्ठ्या असायच्या, तिथे फक्त गावाची बेरीज मिळते.

मग बघा मत होतं कोणाला. हे राज्याराज्यात वेगळं, आणि एकाच राज्यात पदानुसारही वेगळं. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या घटनेत गव्हर्नर आणि राज्याच्या सिनेटसाठी (वरचं सभागृह) १०० पौंडांची जमीन लागायची, असेंब्लीसाठी (खालचं सभागृह) २० पौंडांची, किंवा वर्षाला ४० शिलिंग भाडं भरणारा कूळही चालायचा. त्यामुळे एकाच काउंटीत असेंब्लीची मतं जास्त आणि गव्हर्नरची कमी दिसली तर लोकांना गव्हर्नरमध्ये रस नव्हता असा शोध लावू नका प्लीज. न्यू जर्सी तर आणखी भारी, तिथे ५० पौंडांची मालमत्ता एवढीच मुख्य अट होती, म्हणून विधवा आणि अविवाहित बायका मत देत होत्या, थेट १८०७ पर्यंत. त्या साली कायदा करून बायकांचा आणि काळ्या लोकांचा हक्क काढून घेतला. म्हणून न्यू जर्सीच्या १८०७ च्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करताना सांभाळून.

साल लिहिताना महिनाही लिहा. मॅसॅच्युसेट्समध्ये दरवर्षी निवडणूक, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर वर्षातून दोनदा. न्यूयॉर्क शहरात १८०० ची असेंब्लीची निवडणूक २९ एप्रिल ते १ मे अशी तीन दिवस चालली, आणि ती नुसती लोकल निवडणूक नव्हती, कारण तिथे राष्ट्राध्यक्षाचे इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, विधिमंडळच निवडायचं. ॲरन बर या जेफरसनच्या पक्षातल्या नेत्याच्या पॅनेलने शहर मारलं आणि न्यूयॉर्कची १२ इलेक्टोरल मतं जेफरसनच्या खिशात गेली. विधानसभेचा निकाल वाचताना ते सभागृह पुढे कोणाकोणाला निवडणार होतं हेही बघाच.

मूळ पेपर उघडायचा असेल तर ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ ही जुन्या पेपरांची वेबसाइट फुकट आहे. १८०० च्या आधीच्या छपाईत लांब ‘स’ (इंग्रजी f सारखा दिसणारा s) वापरायचे आणि कॉम्प्युटर तो ‘फ’ वाचतो, मॅसॅच्युसेट्सचं मॅफॅच्युफेट्स होतं, तेव्हा सर्च दोन्ही स्पेलिंगने मारा. पेपर पक्षाचे असायचे, बोस्टनचा कोलंबियन सेंटिनल फेडरलिस्ट पक्षाचा, इंडिपेंडंट क्रॉनिकल रिपब्लिकन पक्षाचा (म्हणजे जेफरसनचा पक्ष, आजचा रिपब्लिकन नव्हे), तर दोन्ही बघा. कधी नुसतं मताधिक्य छापलेलं असतं, ते एकूण मतं समजून भरू नका.

मोजणीतही राजकारण असायचं. १७९२ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज क्लिंटन विरुद्ध जॉन जे, गव्हर्नरसाठी. विधिमंडळाच्या कमिटीने ऑट्सिगो, टायोगा आणि क्लिंटन या तीन काउंट्यांची मतं तांत्रिक कारणं काढून बाद केली (ऑट्सिगोत म्हणे शेरीफची मुदतच संपली होती!) आणि क्लिंटन १०८ मतांनी जिंकला. असा काठावरचा निकाल दिसला की बाद मतं कुठली ते शोधायचंच.

सरावाला १८१२ चं मॅसॅच्युसेट्स सिनेट घ्या. रिपब्लिकन गव्हर्नर एल्ब्रिज गेरीने फेब्रुवारीत सही केलेल्या कायद्याने मतदारसंघ वेडेवाकडे कापले होते. रिपब्लिकनांना ५०,१६४ मतं आणि २९ जागा, फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं आणि ११ जागा. त्याच वसंतात गव्हर्नरपदाला खुद्द गेरी पडला, कारण ती मतं अख्ख्या राज्यातून मोजली जायची, तिथे नकाशा कामाला येत नाही. एसेक्स काउंटीची गावं घ्या, प्रत्येक गावासमोर गव्हर्नरची आणि सिनेटची मतं शेजारी शेजारी लिहा, आणि मग नकाशा उघडून कुठलं गाव कुठल्या तुकड्यात टाकलंय ते बघत बसा.